मोडतोडीच्या वहीतली चार नंबरची चकती

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नका. अक्षर तर असं आहे की ओळीवर सुरू केलं तरी शेवटाला खाली घसरतं. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर हातात पेन्सिल कमी आणि चांदी घासायचा ब्रश जास्त. "बघू नका" असं कुणाला म्हणते तेही मला माहीत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. चारचौघांत बोलायला माझी जीभ उचलत नाही. पण राग आहे, तो बरीच वर्षं आहे, आणि तो कुठंतरी उतरवायला पाहिजे.

माझं माहेर हुपरी. तिथं घरोघरी चांदीचं काम. आमच्या घरात पैंजणांना झिलई द्यायचं काम यायचं. व्यापारी चांदी वजन करून देतो आणि वजन करूनच परत घेतो. घासण्यात किती घट धरायची तेही ठरलेलं. संध्याकाळी आई बसायची जागा झाडायची आणि ती धूळसुद्धा डब्यात भरून ठेवायची, कारण त्या धुळीत दुसऱ्याची चांदी असते. एखाद्या घराबद्दल "हात मारतात" असं एकदा बोललं गेलं की त्या घरात पुन्हा चांदी येत नाही. हे मी आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला इतकं का लागलं ते कळेल.

लग्न होऊन कोल्हापुरात आले. नवरा फाउंड्रीत. नव्वदनंतर चार-पाच वर्षांनी मी एका कॉलेजात रोजंदारीवर झाडलोटीला लागले. नाव लिहीत नाही. भौतिकशास्त्राचा मजला माझ्याकडं होता. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि पहिल्या दिवसापासून सगळे मला "मावशी" म्हणायला लागले. ज्याच्याबद्दल पुढं लिहायचं आहे तो संशोधक सव्वीस वर्षांचा. म्हणजे मी त्याची मावशी.

तो मुरगूडकडचा. बोलायला गोड. त्याचे मार्गदर्शक म्हणजे आमचे सर, वयानं मोठे, स्वभावानं बरे, पण सदा कसल्या ना कसल्या मीटिंगच्या घाईत. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेतून त्यांनी निकेल ऑक्साइडचा एक खडा मागवला होता. निकेल मला माहीत होतं. आमच्याकडं ते खोट्या मालात असतं. पण हा खडा हिरवट, फुटक्या बांगडीच्या काचेसारखा. त्याच्या चकत्या कापायच्या, तुरीच्या डाळीएवढ्या, आणि घासून घासून वहीच्या कागदाइतक्या पातळ करायच्या, म्हणजे त्यांच्यातून उजेड आरपार जातो.

पहिल्या दोन चकत्या तुटल्या. एक त्या संशोधकाच्या हातून, दुसरी त्याच्या मित्राच्या. मी झाडू घेऊन दारात उभी होते आणि त्यांचे हात बघत होते. अंगठ्यानं दाबून घासत होते. चांदीच्या पातळ पत्र्याला असं केलं तर आईनं चिमटा काढला असता. ती म्हणायची, हात ठेवायचा, टाकायचा नाही. मी कशी काय बोलले कोण जाणे, पण म्हटलं, "मी बघू का?" दोघं हसले. मग तिसरी चकती मला दिली.

तिसरी, चौथी आणि पाचवी मी केली. काचेवर लाख गरम करून चकती बसवायची, बारीक पेस्ट लावायची, आणि हात नुसता तरंगत ठेवून आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा. काढताना ओढायची नाही, लाख ऊन करून ती आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. एकीलाही तडा गेला नाही. सरांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले की अशी झिलई त्यांच्या पंचवीस वर्षांत कुणी दिली नाही. पगार मात्र झाडू मारायचाच राहिला.

हे कशासाठी चाललंय ते सरांनी मला एकदा सांगितलं होतं. या खड्याला लोहचुंबक लावलं तर तो चिकटत नाही, जागचा हलत नाही. मला वाटलं, म्हणजे हा मेलेला. सर म्हणाले, मेलेला नाही. याच्या आत कणाकणाला चुंबकपण आहे, पण एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं बरोबर उलटं. रस्सीखेचीत दोन्हीकडची माणसं सारख्या जोराची असली की मधला रुमाल हलत नाही, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की कुणी ओढतच नाही. तसं ते. आणि सगळ्या खड्यात ही ओढाओढ एकाच दिशेनं नसते. एका पट्ट्यात उभी, शेजारच्या पट्ट्यात तिरकी. दोन पट्टे जिथं भेटतात त्याला ते भिंत म्हणत होते. ती भिंत विटांची नव्हे. तिथं काही भरलेलं नाही, माल दोन्हीकडं तोच.

हे मला पटकन कळलं. चांदीच्या पत्र्यावर अर्ध्या भागात उभा हात फिरवला आणि अर्ध्या भागात आडवा, तर तिरक्या उजेडात मधे रेघ दिसते. चांदी तीच, वजन तेच, फक्त हात वेगळा फिरलाय. मी हे सरांना सांगितलं नाही. मनातच म्हटलं.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचांच्या मधे चकती ठेवून वरची काच फिरवली की ते पट्टे दिसायचे. हिरव्यावर काळसर, सरळ कडांचे. चौथ्या चकतीत तीन रुंद पट्टे होते. संशोधकानं एका शनिवारी त्यांचा फोटो काढला आणि खूश होऊन मला दाखवलं. "मावशी, बघा तुमची चकती. लग्नाचा शालू दिसतोय जणू." मी पण खूश झाले. खोटं कशाला लिहू.

सोमवारी सकाळी मी खोली झाडली, टेबल पुसलं. अकराच्या सुमाराला तो आला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडला. तीन रुंद पट्टे गेले होते. त्यांच्या जागी सात-आठ बारीक, तेही वेगळ्या बाजूला कललेले.

कुणी हात लावला, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की टेबल पुसताना चौकट उचलून बाजूला ठेवली होती, तेवढीच. तो म्हणाला, मग पडली असणार. मी म्हटलं, पडली नाही. तो म्हणाला, मग दाबली असणार, नाहीतर ही चकतीच ती नव्हे. त्याचं हे शेवटचं वाक्य दारातल्या चार पोरांनी ऐकलं. चकतीच ती नव्हे म्हणजे काय, ते हुपरीच्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही.

सर कुठंतरी निघाले होते, हातात बॅग. तो त्यांना म्हणाला की चार नंबर खराब झाली, मावशींच्या हातून. सर चुकचुकले आणि वहीत लिही म्हणाले.

ती वही म्हणजे मोडतोडीची वही. प्रयोगशाळेत कुणाच्या हातून काही फुटलं की त्या वहीत लिहितात, किंमत लावतात आणि शेवटच्या रकान्यात कुणाकडून वसूल करायचं ते लिहितात. बारावीची पोरं परीक्षानळ्या फोडतात, त्यांच्यासाठी ती मुख्य. चकतीची किंमत सहा हजार लावली. मला दिवसाला चाळीस रुपये मिळायचे. महिन्याला दोनशे कापायचे असं ठरलं. वसुलीच्या रकान्यात माझं नाव, खाली सरांची सही, त्याखाली माझी. सगळं इंग्रजीत. मी काय लिहिलंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. मला सही येते, अंगठा लावावा लागत नाही, याचा मला अभिमान होता. त्याच सहीनं माझं तोंड बंद केलं.

आणि एक. त्याच पानावर वर एक नंबरची आणि दोन नंबरची चकती होती, खरोखर तुकडे झालेली. त्यांच्यापुढं वसुलीचा रकाना कोरा. का, म्हणून पुढं कधीतरी कारकुनाला विचारलं, तर म्हणाला की ती संशोधनात खर्ची पडली. साहेबाच्या हातून तुटलं तर संशोधन, माझ्या हातून न तुटलं तरी मोडतोड.

घरी सांगितल्यावर नवऱ्यानं जेवता जेवता विचारलं, "खरं सांग. इकलास काय तो खडा?" त्यानं रागानं विचारलं नाही, साधंच विचारलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. सासू म्हणाली, सहा हजाराचा म्हणजे हिराच असणार. आठवड्याभरात गल्लीत सगळ्यांना माहीत झालं की माझ्याकडं हिरा आहे. नळावर एक बाई म्हणाली, आता काय बाई, लेकीच्या लग्नाचं भागलं. मी घागर अर्धीच भरून आले.

आई हुपरीहून आली. तिनं रडणं वगैरे काही ऐकून घेतलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुला द्येताना वजन करून दिलंवतं काय?"

मी म्हटलं, नाही.

"घ्येताना केलं?"

नाही.

"मग कसली चोरी धरत्यात? वजन करायचं म्हाईत न्हाय, आन म्हणं शास्त्र शिकिवत्यात."

ग्रॅमचा हजारावा भागसुद्धा मोजणारा तराजू तिथं काचेच्या पेटीत ठेवलेला होता. मीच रोज त्याची पेटी पुसत होते. कुणालाही चकती त्यावर ठेवावीशी वाटली नाही. मला वाटली, पण मी बोलले नाही.

काम सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर चोरी कबूल केल्यासारखं झालं असतं. चार महिने दोनशे-दोनशे कापले गेले. मी माहेराहून पुन्हा पैंजण घासायला आणायला लागले, तेवढे भरून काढायला. माझे हात काळे, लेक म्हणायची, आई, मला भाकरी तू वाढू नको.

चौथ्या महिन्यानंतर एक दिवस त्यानं मला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बोलावलं. "मावशी, जरा हिकडं या की. तुमचा हात थरथरत न्हाय." चकती पितळेच्या एका छोट्या चौकटीत बसवलेली होती, बाजूला बारीक स्क्रू. तो डोळा लावून बसणार आणि मी स्क्रू केसभर आवळायचा. चकती कुठली ते मी विचारलं नाही, पण चौकटीवर आकडा चिकटवलेला होता. चार. निकामी झाली म्हणून जिचे पैसे माझ्याकडून घेत होते ती.

मी आवळला. तो म्हणाला, थांबा. मग म्हणाला, सैल करा. मग पुन्हा आवळा. पाच-सहा वेळा तसं झालं. मग तो बाजूला झाला आणि मला बघायला लावलं, आणि स्क्रू त्यानं स्वतः धरला. सैल असताना तीन रुंद पट्टे, शनिवारचेच. आवळला की पट्ट्यांच्या कडा सरकायला लागल्या, मधे नवीन बारीक पट्टे उगवले, कलले. सैल केला की परत गेले. जिवंत वाटत होतं. लोहचुंबकाला जे जुमानत नव्हतं ते बोटाच्या जोराला सरकत होतं.

मला सगळं आठवलं. त्या शनिवारी फोटो काढला तेव्हा चकती डबीत काचेवर नुसती ठेवलेली होती. सोमवारी ती पितळेच्या चौकटीत होती. चौकट नवीन आली होती. शनिवारी मी गेल्यावर त्यानंच चकती तिच्यात बसवली असणार, आणि पडू नये म्हणून घट्ट आवळली असणार.

मी भिंगावरचा डोळा काढला नाही. वर बघून मला बोलता आलं नसतं. तसंच म्हटलं, "म्हणजे त्या सोमवारी बी ह्येच झालंवतं."

त्यानं स्क्रूवरचा हात काढला. मग म्हणाला, "ते येगळं व्हतं, मावशी."

आणि मी गेले. हे मला आजही सहन होत नाही. उठले, झाडू घेतला आणि गेले. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्याला हेही माहीत होतं की मी कुणाला सांगणार नाही. चुकून आरोप केला त्याचा मला इतका राग नाही. माणूस चुकतो. कळल्यानंतर त्यानं पुढचे सव्वीस महिने माझा पगार कापू दिला, त्याचा राग आहे.

त्याला पदवी मिळाली. विभागात पेढे वाटले, मला दोन दिले. मी ते खाल्ले नाहीत, लेकीला नेले. लेकीला तरी काय माहीत. मग तो दुसऱ्या गावात कॉलेजला लागला आणि मी विसरायचा प्रयत्न केला.

विसरू दिलं असतं तर बरं झालं असतं. दोन हजार सालानंतर रोजंदारीवाल्यांपैकी काहींना कायम करायची यादी निघाली. माझ्यानंतर लागलेल्यांची नावं होती, माझं नव्हतं. मी ऑफिसात गेले. कारकुनानं मान वर न करता सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तुझ्या नावावर नुकसानीची नोंद हाय बाई. सरकारी वस्तू म्हणल्यावर कसं व्हायचं?" खिडकीशी उभी असलेली माणसं माझ्याकडं बघायला लागली.

त्या दुपारी मी ग्रंथालयाच्या खोलीतली धूळ पुसत होते. तिथं कपाटात पदवीचे प्रबंध ठेवतात, काळे, जाड. त्या संशोधकाचा कुठला ते मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्याची पाठ पुसत होते, उघडला कधी नव्हता. त्या दिवशी उघडला. इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण फोटो वाचायला शाळा लागत नाही. एका पानावर दोन फोटो शेजारी शेजारी. एकात तीन रुंद पट्टे, दुसऱ्यात बारीक कललेले. खाली आकडा चार.

लेक तेव्हा अकरावीला होती, विज्ञान शाखेला. दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात बोलावलं आणि ते पान वाचून घेतलं. तिनं अडखळत, पण सरळ अर्थ सांगितला. चार नंबरच्या चकतीवर अगदी हलका दाब दिला तरी आतल्या भिंती सरकतात. दाब काढला की जागेवर येतात. चकतीला इजा होत नाही. मग मी मोडतोडीची वही काढून दिली आणि माझं नाव असलेली ओळ वाचायला लावली. तिथं लिहिलं होतं, चार नंबरची चकती हाताळताना निकामी झाली. वहीतली तारीख आधीची, फोटोखालची नंतरची.

खरं काय घडलं ते लेकीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, मी येते सरांकडं, मी बोलते. मी नको म्हटलं. ती बोलली असती तर सगळं व्यवस्थित बोलली असती, पण सही माझी होती.

सर निवृत्तीला आले होते. मी त्यांच्या टेबलावर दोन्ही उघडून ठेवले, डाव्या हाताला वही, उजव्या हाताला प्रबंध, आणि एक बोट इथं, एक बोट तिथं ठेवलं. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. सरांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. प्रबंधावर त्यांचीच सही होती आणि वहीवर पण त्यांचीच. मग त्यांनी दोन्हीकडच्या तारखा ताडून बघितल्या.

"मी वाचून सही केली नव्हती," ते म्हणाले.

"मी बी वाचून केली न्हवती, सर. पण पैसं माझं गेलं."

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. सर उठले, जाऊन कपाटातून ती चौकट काढली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली. त्यांनी स्क्रू हलवून बघितला. मग त्यांनी चकती काढून तराजूवर ठेवली, कशासाठी ते मला माहीत नाही, आणि म्हणाले की शाबूत आहे. मला ते माहीत होतं.

ऑफिसनं सांगितलं की जुन्या वर्षाचे हिशेब बंद झाले, परत द्यायची सोय नाही. कापायची सोय तीस महिने होती. सरांनी त्या संशोधकाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तो गाडीतून, अंगानं भरलेला, हातात पिशवी. पिशवीत साडी आणि एक पाकीट.

"मावशी, किती वर्षांची गोष्ट उकरताय. ह्ये दिवाळीचं समजा."

मी पिशवीला हात लावला नाही. सर बसलेले होते म्हणून मला धीर आला असेल. मी म्हटलं, "दिवाळी न्हवं. परत हाय असं लिवा."

तो म्हणाला की त्या वेळी त्याला तरी कुठं माहीत होतं, स्कॉलरशिप बंद पडायची भीती होती, नमुना गेला म्हटल्यावर संस्थेला उत्तर द्यायचं होतं. सगळं खरं असेल. मी ऐकून घेतलं.

"इस्क्रू माझ्या हातात व्हता तवा म्हाईत झालंतं की तुमाला. त्याच्या म्होरं सव्वीस महिनं कापलं."

त्यानं सरांकडं बघितलं. सर त्याच्याकडं बघत नव्हते. ते वहीत लिहीत होते. माझ्या नावाच्या ओळीवर त्यांनी तांबड्या शाईनं रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं, मला वाचता येईल अशा अक्षरात: ही नोंद चुकीची आहे, चकती क्रमांक चार शाबूत आहे, वसूल केलेली सर्व रक्कम परत करायची आहे. सही केली आणि म्हणाले, निम्मे माझे, निम्मे तुझे. त्यांनी त्यांचे तीन हजार दुसऱ्याच दिवशी दिले. त्या पानाची नक्कल मी ऑफिसात दिली आणि पुढच्या यादीत माझं नाव आलं.

त्याचे तीन हजार यायला मात्र दिवस लागले. मोटार घेतलेल्या माणसाला तीन हजार एकदम द्यायला होईना. पहिले हजार सरांच्या हाती आले. दुसऱ्या हजारासाठी मी त्याच्या कॉलेजला दोनदा जाऊन आले, बसभाडं माझं. पहिल्यांदा तो वर्गावर होता. दुसऱ्यांदा स्टाफरूममध्ये बाकीच्यांना म्हणाला, आमच्याकडच्या जुन्या मावशी आहेत, नड असेल. मी तिथंच उभी राहून म्हटलं, नड नाही, माझे आहेत. हे बोलताना कान तापले होते, पण बोलले. त्यानं खिशातून काढून दिले. साडीचं पुन्हा विचारलं. नको म्हटलं.

शेवटचे हजार तो स्वतः विभागात घेऊन आला, सरांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी. बाहेर व्हरांड्यात दिले. दहा नोटा. मी त्याच्या देखत मोजल्या आणि मग मोडतोडीची वही आणून त्याच पानावर, सरांच्या ओळीखाली, माझ्या घसरत्या अक्षरात लिहिलं: सहा हजार रुपये पुरे पोचले. लिहिलेलं एकदा वाचून बघितलं, आणि मग सही केली.